अठरा पावलं नाली

माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातली जवळजवळ सगळी वर्षं माझी बायको सुनंदा मी काय काम करतो हे आपल्या माहेरी बोलली नाही. माहेर अमरावतीचं. वडील वकील, एक भाऊ प्राध्यापक, एक बँकेत. तिथं कोणी विचारलं की ती सांगायची, "नगरपालिकेत आहेत." आणखी खोदून विचारलं तर, "आरोग्य खात्यात." त्यामुळे तिची एक मावशी मला कित्येक वर्षं डॉक्टर समजत होती. भेटली की गुडघे पुढे करायची. मीही थोडं दाबून बघायचो आणि पायऱ्या कमी चढा म्हणायचो. मावशीला गुण यायचा.

खरं म्हणजे मी स्वच्छता निरीक्षक. पहाटे मोटारसायकल काढून वॉर्डात जायचं, सफाई कामगारांची हजेरी घ्यायची आणि मग दिवसभर नाल्यांमध्ये वाकून बघायचं. पुण्याकडचे लोक गटार म्हणतात, आमच्या वऱ्हाडात ती नाली. संध्याकाळी घरी आलो की पुढच्या दारानं प्रवेश बंद. बूट फाटकाबाहेर, मागच्या अंगणातून थेट न्हाणीघर, आंघोळ, आणि मग चहा. हा कायदा सुनंदाचा होता आणि त्याला अपील नव्हतं.

संपादकांनी फोनवर सांगितलं, नोकरीतल्या आठवणी लिहा, पण वाचक हातात चकली घेऊन वाचत असतो हे ध्यानात ठेवा. ठेवतो. म्हणून माझ्या हाताखालच्या शेकडो नाल्या सोडून एकाच नालीबद्दल लिहितो. तिच्यात सोनं होतं.

गावाचं नाव सांगत नाही. अकोला आणि अमरावती यांच्या मधलं समजा. नाव सांगितलं तर उद्या लोक घमेली घेऊन निघतील. वऱ्हाडात कापूस पिकतो, तूर पिकते, संत्रा पिकतो, पण सोन्याची खाण काही नाही, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धवट आहे. आमच्या गावच्या सराफ्यात दीड हात रुंद, कंबरभर खोल आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब अशी एक खाण होती, आणि तिची रोजची देखभाल सरकारनं माझ्याकडे दिली होती.

ही खाण भरते कशी ते सांगतो. कारागीर दागिना कानशीनं घासतो तेव्हा सोन्याचा भुगा पडतो. बहुतेक भुगा त्याच्या मांडीखालच्या थाळीत जमतो आणि तो मालकाचा. पण थोडा नखात जातो, थोडा केसांत, थोडा सदऱ्याच्या घडीत. कारागीर हात धुतो, तोंड धुतो, सदरा झटकतो, पाय आपटून चहाला जातो. तो सगळा कण-कण रस्त्यावर आणि नालीत येतो. सोनं जड. पाणी वाहून जातं, सोनं तळाला बसून राहतं. हे तळाचं सोनं काढणारी काही घरं सराफ्यामागच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना झारेकरी म्हणतात. दुकानं उघडायच्या आधी ते मऊ ब्रशानं रस्ता झाडतात, नालीतला गाळ घमेल्यात घेतात, लाकडी परातीत पाणी घालून डोलवत डोलवत धुतात. माती निघून जाते, काळी रेती उरते. लोहचुंबक फिरवून त्यातला लोखंडाचा कीस काढायचा. मग पारा टाकायचा, तो सोन्याला धरतो. फडक्यातून पिळायचं, तापवायचं, की तळाला पिवळा ठिपका. दिवसभराच्या कमाईला ठिपका म्हणणंसुद्धा जास्त होईल.

पण त्या ठिपक्यावर किती घरं उभी होती ते पाहिलं की चक्रावून जायला व्हायचं. परात बनवणारा सुतार वेगळा, ब्रश बांधणारी म्हातारी वेगळी, कोळसेवाला वेगळा. गल्लीच्या तोंडाशी नाभिकाचं दुकान होतं. तो कारागिरांचे केस इतरांपेक्षा स्वस्तात कापायचा आणि कापलेले केस पोत्यात भरून ठेवायचा. मी तिथं एकदा कटिंगला बसलो तर म्हणाला, "साहेब, तुमाले पूर्ण भाव पडीन. तुमच्या डोक्यात काई नाई." एका दुकानदारानं कारागिरांच्या बसण्याची पंधरा वर्षांची गोधडी बदलायला काढली तर तिचा लिलाव झाला. घरात नवी गोधडी घेताना माणूस एवढी चढाओढ करत नाही. आणि निघालेलं सोनं जायचं कुठं? त्याच गल्लीत, त्याच दुकानांत. म्हणजे गावातल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात कुठल्या तरी शेजारणीच्या सोन्याचा कण होता आणि दोघींचं बोलणं बंद असलं तरी तो तिथं होता.

सराफा वॉर्ड माझ्याकडे आला त्या पहिल्या सकाळी मी गल्लीच्या मध्यभागी उभा राहून हजेरीवही काढली. मागून आवाज आला.

"साहेब, जरा पाय उचला. तुमी माह्या पोरीच्या लग्नावर उभे हाय."

मी दचकून बाजूला झालो. चाळिशीच्या पुढची एक बाई, पदर खोचलेला, हातात ब्रश. मी उभा होतो तिथली धूळ तिनं सुपलीत घेतली. मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"बूट द्या."

"कशाला?"

"अर्धा घंटा सराफ्यात फिरले ना तुमी? मंग आमचा माल घेऊन चालले का?"

तिनं बुटांचे दोन्ही तळवे झटकले, धूळ सुपलीत घेतली आणि बूट परत दिले. ही सुगंधाबाई. नवरा लवकर गेला, एक मुलगी, पूनम, ती तेव्हा कॉलेजात. पुढची वर्षं रोज सकाळी माझे बूट त्या गल्लीत फुकट साफ होत राहिले. सुनंदा तरीही ते फाटकाबाहेरच ठेवायची.

हळूहळू त्यांची रीत कळली. नाली नगरपालिकेची, असं आमचे कागद म्हणत. झारेकऱ्यांच्या लेखी ती पावलांनी वाटलेली होती. ह्या घराची बारा पावलं, त्या घराची नऊ. भिंतीवर गेरूचे हाताचे पंजे, त्या हद्दी. आणि हा वाटा आईकडून मुलीकडे जायचा. लग्नात आंदण म्हणून. मुलगी लग्नाच्या दिवशी आपला वाटा स्वतः चालून मोजून घ्यायची. आता नाली काही उचलून सासरी नेता येत नाही, म्हणून नवराच उठून इकडे यायचा. त्यामुळे बाकी दुनियेत मुलाकडचे मुलगी बघायला येतात, इथं मुलाकडचे नाली बघायला यायचे. आपला पोरगा कोणत्या नालीत देतोय ते तपासून घेणं आलंच. वरातीआधी एक परात गाळ धुवून पाहायचा आणि पिवळी रेघ कशी उमटते त्यावर हो-नाही ठरायचं.

सुगंधाबाईची अठरा पावलं गल्लीतल्या सर्वांत मोठ्या कारखान्याच्या मोरीखाली होती. दरसाल दिवाळीनंतर सगळे आपापला तळ उपसत. सुगंधाबाईनं मात्र सलग दोन दिवाळ्या आपली नाली उपसली नव्हती. वर फरशा टाकून ती नाली पोसत होती. गाळ जितका मुरेल तितकं लग्न चांगलं होईल, असा हिशेब. स्वतः दोन वर्षं रस्त्याची धूळ झाडून पोट भरलं. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. फरशांखाली काय आहे हे मात्र मी कधी विचारलं नाही. वरून नाली स्वच्छ दिसायची, मला तेवढं पुरे होतं.

आणि मग राज्याचं स्वच्छता पथक येणार असल्याचं पत्र आलं. सोमवारी तपासणी. मुख्याधिकारी साहेब नवे होते, तरुण होते आणि त्यांना बक्षीस हवं होतं. मलाही निवृत्तीआधी एकदा शाबासकी हवी होती, खोटं कशाला सांगू. मी शेजारच्या शहरातून गाळ ओढणारी गाडी मागवली. गुरुवारी भर दुपारी सराफ्यात घातली. सुगंधाबाई परतवाड्याला बहिणीला पूनमच्या पाहण्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं द्यायला गेली होती, पूनम परीक्षेला. मी फरशा उचलायला लावल्या. खाली हातभर गाळ! काळाभोर, लोण्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो काढला. आळीतला एक म्हातारा हातवारे करत धावत आला. "साहेब, थांबवा, थांबवा! ते सुगंधीचं हाय!" मला वाटलं, हे नेहमीचंच, मशीन आलं की लोक ओरडतात. म्हटलं, "बाबा, सरकारी काम आहे. बाजूला व्हा." अर्ध्या तासात अठरा पावलं चकाचक. आरशासारखा तळ दिसत होता. मी त्याचाही फोटो काढला.

शनिवारी सकाळी सुगंधाबाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मागे पूनम. बाई रोज तोंडानं तोफ, पण त्या दिवशी आवाज चढला नाही, आणि त्यानंच मला घाम फुटला.

"साहेब, गाळ कुठी टाकला?"

"कचरा डेपोत. का हो?"

"दोन सालाचा होता. पोरीचं लग्न होतं त्याच्यात. सोमवारी अकोल्याचे पाहाले येऊन राहिले. त्यायच्या परातीत काय टाकू? तुमचा फोटो?"

फोटोची बातमी आळीत पोचली होती. मी काहीतरी पुटपुटलो, अर्ज करा, नुकसान लिहून द्या. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं. नालीच्या गाळाचं नुकसान कोणत्या नियमात लिहिणार होतो मी? मग पूनम पुढे झाली. ती म्हणाली, "साहेब, मले तो पोरगा पसंत हाय. मोबाईल दुरुस्त करते, साधा हाय. पण त्याचा आजा लय कडक. नाली कोरडी निघाली तर उठून जाईन. तुमी काई करा."

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की घाण करणाऱ्यानं ती उचललीच पाहिजे. त्या दिवशी मला कळलं की स्वच्छता करणाऱ्यालाही ती परत आणून द्यावी लागते. मी उठलो आणि त्या गाडीवर दिलेला आमचा ड्रायव्हर गफूरभाई याला गाठलं. तो झाडाखाली बिडी ओढत होता.

"गफूरभाई, सराफ्याचा गाळ डेपोत कुठं टाकला? ढीग दाखवा."

तो आधी आभाळाकडे बघू लागला. मग बिडी विझवली.

"साहेब, रागावाचं नाई. डेपोत गेलोच नाई."

"मग?"

"बंगल्यावर खाली केली. मोठ्या साहेबाच्या. मॅडमले गुलाबासाठी चांगली माती पाह्यजे होती. असा गाळ म्या जिंदगीत नाई पाह्यला, एकदम खत. मले वाटलं साहेब खूश होतीन."

म्हणजे दोन वर्षांचं पोसलेलं लग्न मुख्याधिकाऱ्यांच्या गुलाबाच्या आळ्यात पसरलेलं होतं. मी तिथंच दगडावर बसलो. सुगंधाबाई मात्र पहिल्यांदा हसली. "डेपोत इखुरलं असतं, साहेब. बंगल्यात कुंपण हाय. कुठी जाईन?"

पण साहेबांना सांगायचं काय? तुमच्या बागेत सोनं आहे असं म्हटलं असतं तर ते आमच्या बापजन्मात परत मिळालं नसतं. चौकशी, पंचनामा, ट्रेझरी. खोटं बोलायलाही जीभ वळेना. रात्रभर विचार केला, आणि रविवारी सकाळी आंघोळ करून बंगल्यावर गेलो. जे खरं होतं त्यातलं अर्धंच सांगितलं.

"साहेब, उद्याचं पथक चहाला बंगल्यावर येणार ना?"

"हो. मॅडम बाग दाखवणार आहेत."

"साहेब, त्या आळ्यांमध्ये नालीतला गाळ आहे. नगरपालिकेनं मागवलेल्या गाडीनं आणलेला."

साहेबांचा चहा कपातच राहिला. गाळ डेपोत न जाता मुख्याधिकाऱ्यांच्या बागेत, आणि तोही तपासणीच्या दिवशी! ते कपडे न बदलता बाहेर आले.

"आजच्या आज उचला, वानखडे! एक कण राहता कामा नये!"

"एक कण राहणार नाही, साहेब."

"पण रविवारी माणसं कुठून आणणार?"

"माणसं फाटकाशी उभी आहेत. मजुरी नको म्हणतात."

साहेब भारावले. म्हणाले, "वानखडे, जगात अजून चांगली माणसं आहेत." मी हो म्हटलं.

सुगंधाबाई, पूनम आणि आळीतल्या आठ-दहा बाया आत शिरल्या. मी आयुष्यात बऱ्याच सफाई मोहिमा केल्या, अशी पाहिली नाही. खुरपं नाही, फावडं नाही, हातानं आणि मऊ ब्रशानं. गुलाबाचं एकेक झाड अलगद वर काढलं, मुळं परातीत धुतली, ते पाणीसुद्धा बादलीत भरून घेतलं आणि झाड पुन्हा होतं तसं लावलं. बाहेर पडताना सुगंधाबाईनं साहेबांचे बूट मागितले. साहेबांना वाटलं हा आदराचा प्रकार आहे. त्यांनी लाजत बूट दिले. मॅडम मात्र खिडकीतून शेवटपर्यंत बघत होत्या. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "वानखडे, त्या पोतं बांधताना पदरानं झाकत होत्या. माती कोणी पदरानं झाकतं का?" मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "असू द्या. गुलाब चांगले लावलेत." मॅडमचं मी आजही नाव काढतो.

आता शेवटचं काम उरलं होतं आणि ते मी कोणत्याही वार्षिक अहवालात लिहिलेलं नाही. अकोल्याचे लोक गाळ पोत्यातून धुणार नव्हते, नालीतूनच घेणार होते. तेव्हा राज्याच्या स्वच्छता तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, मी, शासनाचा पगारी स्वच्छता निरीक्षक, स्वतः उभा राहून एक चकाचक नाली गाळानं भरून घेतली. वरून फरशा टाकल्या. एका फरशीला हात मीही लावला.

सोमवारी पथक अकराला येणार होतं आणि अकोल्याचे दुपारी. झालं उलटं. अकोल्याचे सकाळच्या गाडीनं आले. मी पथकाला घेऊन गल्लीच्या या टोकाला शिरलो तेव्हा त्या टोकाला फरशा उघड्या होत्या आणि मुलाचा आजा, महादूबाबा, पांढरं धोतर खोचून नालीत गुडघाभर उतरलेला होता. हातात परात. भोवती दोन्हीकडचे वऱ्हाडी नव्या कपड्यांत. पूनम कोपऱ्यात उभी, हातातल्या रुमालाचा बोळा झालेला. पथकाच्या प्रमुख बाई थबकल्या.

"हे काय चाललंय?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लोकसहभाग, मॅडम."

"नवे कपडे घालून?"

"इथं नालीला लोक घरचं कार्य समजतात, मॅडम."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाई पुढे गेल्या आणि महादूबाबांना विचारलं, "बाबा, ह्या वयात स्वतः उतरता नालीत?"

महादूबाबांनी मान वर केली नाही. "चार पिढ्या उतरून राहिलो, बाई. जरा उजेड सोडा."

बाई उजेड सोडून बाजूला झाल्या. महादूबाबांनी परात डोलवली. एकदा, दोनदा. बक्षिसाचं मला सुचतही नव्हतं. एका पोरीचं लग्न मी गुरुवारी दुपारी सक्शन पाइपनं ओढून काढलं होतं आणि ते परत आलं की नाही हे त्या परातीत ठरणार होतं. म्हाताऱ्यानं बोटानं काहीतरी उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. गुलाबाची पाकळी.

"हे काय व, सुगंधे? नालीत गुलाब?"

सुगंधाबाईनं पापणीही हलवली नाही. "व्याह्यायसाठी नाली सजवली, बाबा."

म्हातारा पुन्हा वाकला. काळी रेती बाजूला सरकली आणि परातीच्या कडेला पिवळी रेघ उमटली. बारीक नाही, चांगली ठसठशीत. म्हाताऱ्यानं ती उन्हात धरली. मग नातवाकडे वळून म्हणाला, "राह्य इथीच. तुह्या मायच्या नालीत एवढं नाई."

टाळ्या पडल्या. पथकाच्या बाईंनीही वाजवल्या, त्यांना वाटलं नाली साफ झाली म्हणून. आमच्या गावाला त्या वर्षी नागरिकांच्या सहभागासाठी उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. साहेबांनी ते कॅबिनमध्ये लावलं.

लग्न उन्हाळ्यात झालं. गाळ धुतला, सोनं निघालं, सगळं यथास्थित पार पडलं. अक्षता पडल्यावर सगळी मंडळी गल्लीत आली. पूनम नालीच्या काठानं चालू लागली, मागे सुगंधाबाई गेरूची वाटी घेऊन. एक, दोन, तीन. लोक मोजत होते. सतरा झाली आणि पूनम थांबली. मला वाटलं साडीत पाय अडकला.

"साहेब, इकडं या," ती म्हणाली.

मी गेलो. सुगंधाबाईनं माझा उजवा हात धरला, गेरूत बुडवला आणि भिंतीवर दाबला. "हे अठरावं तुमचं. तुमी नेलं बी अन् आणलं बी. नेलेलं आणून देणारा सरकारी माणूस म्या पह्यल्यांदा पाह्यला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सरळ सांगतो. नोकरीत हार-तुरे पुष्कळ मिळाले, शाल-नारळही मिळाला. पण नालीतलं एक पाऊल माझ्या नावावर झालेला मी बहुधा एकटाच निरीक्षक.

सगळं काही गोड झालं असं नाही. पारा उघड्यावर तापवू नका हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. पाऱ्याच्या वाफेनं दोन म्हाताऱ्यांचे हात थरथरताना पाहिले होते. बंद भट्टीचा प्रस्ताव मीच लिहिला, तो टेबलांवरून फिरत राहिला आणि मी निवृत्त झालो तेव्हाही फिरतच होता. पाठपुरावा करायला हवा होता, केला नाही. ही बोच आहे. आता तर दागिने मोठ्या शहरांतून मशीनवर तयार होऊन येतात. कानशीचा आवाज गल्लीत कमी झाला आणि नाली पातळ झाली. नाभिकानं कारागिरांची सवलत बंद केली. पूनमच्या नवऱ्यानं गल्लीतच मोबाईलचं दुकान टाकलं आहे, पूनम सकाळी नाली बघते आणि मग दुकान. मध्यंतरी नाली बुजवून बंद पाइप टाकायची योजना आली आणि हरकती मागवल्या गेल्या. अशा हरकती मी आयुष्यभर फायलीला लावल्या होत्या. या वेळी एक स्वतः लिहिली. अर्जदाराचा संबंध या रकान्यात लिहिलं, एका पावलाचा वाटेकरी. नवा निरीक्षक फोन करून विचारत होता, साहेब, तब्येत बरी आहे ना?

दर दिवाळीनंतर पूनम घरी येते आणि माझ्या पावलाचं जे निघेल ते कागदाच्या पुडीत आणून देते. पहिल्या वर्षी मोहरीपेक्षा लहान ठिपका. सुनंदानं पुडी दारातच अडवली. "नालीतलं घरात नको." मी पुडी फाटकाजवळच्या कोनाड्यात, बुटांवर ठेवली. दुसऱ्या वर्षी तिनं पुडी उघडून पाहिली. तिसऱ्या वर्षी पूनमला आत बसवून चहा दिला आणि ती गेल्यावर मला म्हणाली, "तीन वर्षांचं मिळून एक मणी तरी होईल का हो?" झाला. सोनारानं मेहनत घेऊन बारीकसा केला. सुनंदानं तो मंगळसूत्रात ओवला.

मागच्या महिन्यात अमरावतीला तिच्या भाचीचं लग्न होतं. सगळं माहेर जमलेलं. माझ्या गुडघेवाल्या पेशंट, म्हणजे मावशी, खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी सुनंदाचं मंगळसूत्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा मणी नवा दिसतो. चमक वेगळीच आहे गं. कुठून घेतलास? अकोल्याहून?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. आरोग्य खातं येणार हे मला ठाऊक होतं. सुनंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "घेतला नाही, मावशी. आमच्या नालीतला आहे."